शोकाचं शल्य आणि मनातला सल

तुम्ही लिहिलंय की आठ महिन्यांपूर्वी वडील गेले. त्यांच्या आजारपणात काढलेलं कर्ज अजून डोक्यावर आहे, हार्डवेअरचं दुकान कसंबसं चालतंय, रात्री दोन-अडीचला जाग येते ती पहाटेपर्यंत डोळा लागत नाही. वडिलांच्या चपला अजून दाराशी आहेत, आई कुणाला हात लावू देत नाही. भेटायला येणारे सांगतात, "सगळं नश्वर आहे, मनाला लावून घेऊ नका." आणि तुम्ही विचारताय, बुद्धाचं म्हणणंही हेच आहे का? दुःख वाटूच द्यायचं नाही, मन दगडाचं करायचं, हेच का जुन्या लोकांनी सांगून ठेवलंय?

नाही. हे इतक्या ठामपणे सांगते आहे, कारण माझ्यावरही एकदा हीच वेळ आली होती.

मी एकतीस वर्षं परिचारिका होते, त्यातली शेवटची चौदा कर्करोगाच्या वॉर्डात. पाली शिकले पंचेचाळिशीनंतर, ड्यूटी संपवून संध्याकाळच्या वर्गाला जाऊन. ध्यानाला बसते त्यालाही आता वीस वर्षं होतील. त्यामुळे उत्तरात थोडं पोथीतलं येईल, थोडं वॉर्डातलं. गीता, उपनिषदं किंवा आपले संत यांच्यावर अधिकाराने बोलणारे दुसरे आहेत. मी जे वाचलं आणि वापरून पाहिलं, त्यापुरतंच लिहिते.

आपण मराठीत म्हणतो, "मनात सल राहिला." हा सल म्हणजे संस्कृतातलं शल्य आणि पालीतलं सल्ल: अंगात घुसलेलं बाणाचं टोक. संयुत्तनिकाय या पाली ग्रंथात 'सल्ल' याच नावाचं छोटंसं सुत्त, म्हणजे बुद्धांचं प्रवचन, आहे. बुद्ध भिक्खूंना विचारतात, धर्म न ऐकलेल्या माणसालाही दुःखद वेदना होते आणि ऐकलेल्यालाही होते, मग दोघांत फरक काय? उत्तरही तेच देतात. एखाद्याला एक बाण लागावा आणि लगेच दुसरा मारावा, तसं न ऐकलेल्याचं होतं. शरीराला लागलेल्या बाणावर तो मनाचा बाण ओढवून घेतो: शोक करतो, थकून जातो, विलाप करतो, ऊर बडवतो, त्याला काही सुचेनासं होतं. ऐकलेल्याला एकच बाण लागतो.

इथे लोक घाई करतात. 'एकच बाण' याचा अर्थ शून्य बाण असा काढतात. सुत्तात तसं नाही. शहाण्या माणसालाही बाण लागतो आणि दुखतंही.

बुद्धांचंच बघा. शेवटच्या वर्षावासात, वैशालीजवळच्या बेलुव गावी, ते इतके आजारी पडले की मरणप्राय वेदना झाल्या. वय ऐंशी. सतत सोबत असलेला शिष्य आनंद, त्याला ते म्हणाले की जुनी गाडी जशी पट्ट्यांनी आवळून कशीबशी चालवावी, तसं हे शरीर चाललंय. कपिलवस्तूला एकदा प्रवचन चालू असताना त्यांनी आनंदालाच पुढचं बोलायला सांगितलं, कारण त्यांची पाठ दुखत होती आणि जरा आडवं व्हायचं होतं. पाठ दुखतेय हे त्यांनी मोकळेपणी सांगितलं आणि त्यांची वचनं संकलित करणाऱ्यांनी ते गाळलंही नाही. सारिपुत्त आणि मोग्गल्लान हे दोन पट्टशिष्य गेल्यावर भिक्खूंच्या सभेकडे पाहून ते म्हणाले, "ही सभा मला रिकामी वाटते." आणि सारिपुत्त गेल्याची बातमी आली तेव्हा आनंद काय म्हणाला? "माझं अंग गळून गेलंय, दिशाही दिसेनाशा झाल्यात." अडीच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचे हे शब्द आहेत आणि तुमच्या आईने परवा हेच म्हटलं असेल.

त्यामुळे वडील गेल्याचं दुःख हा तुमचा दोष नाही. तो पहिला बाण आहे. तो लागणारच होता, कारण तुमचा त्यांच्यावर जीव होता.

दुसरा बाण कोणता, हे तुमच्याच लिहिण्यात सापडलं. एक वाक्य तुम्ही दोनदा लिहिलंय: "एक महिना आधी मोठ्या दवाखान्यात नेलं असतं तर वाचले असते." वॉर्डात हे वाक्य मी इतक्या मुलांच्या, सुनांच्या, नवऱ्यांच्या तोंडून ऐकलंय की कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभा असलेला माणूस आता हेच बोलणार, हे मला आधीच कळायचं. त्यांतल्या पुष्कळ जणांच्या बाबतीत महिन्याभराने काही बदललं नसतं. काहींच्या बाबतीत कदाचित बदललं असतं. पण त्या वेळी त्यांना जे माहीत होतं, त्यावरच त्यांनी ठरवलं होतं. आजची माहिती घेऊन तेव्हाच्या स्वतःला जाब विचारायचा आणि तोही रोज रात्री दोन वाजता, हा दुसरा बाण. तो कुणी मारत नाही. आपणच भात्यातून काढतो.

याच सुत्तात पुढे एक गोष्ट आहे, तिच्याकडे कमी लोकांचं लक्ष जातं. दुःखद वेदना झाली की धर्म न ऐकलेला माणूस इंद्रियसुखाकडे धावतो, आणि कारण असं दिलंय की दुःखातून सुटायचा दुसरा मार्गच त्याला ठाऊक नसतो. यात किती करुणा आहे पाहा. त्याला वाईट म्हटलेलं नाही, त्याला दुसरी वाट माहीत नाही एवढंच म्हटलंय. रात्री जाग आल्यावर मोबाइल घेऊन चार वाजेपर्यंत व्हिडिओ बघत बसतो, असं तुम्ही फार शरमून लिहिलंय. शरमू नका. वाट ठाऊक नव्हती म्हणून तिकडे गेलात. वाट पुढे सांगते.

पण आधी कर्जाचं. जुनं शहाणपण म्हटलं की लोक थेट मनावर येतात आणि पैशाचं दुःख क्षुल्लक धरतात, याचा मला मनापासून राग येतो. अंगुत्तरनिकाय या दुसऱ्या पाली ग्रंथात बुद्ध स्पष्ट म्हणतात की प्रपंच करणाऱ्याला दारिद्र्य हे दुःख आहे. आणि मग एकेक पायरी सांगतात: दरिद्री माणूस कर्ज काढतो, ते दुःख. व्याज कबूल करतो, ते दुःख. वेळेवर दिलं नाही की तगादा लागतो, ते दुःख. मग लोक पाठीमागे लागतात, तेही दुःख. शेवटी बंधन. हा दाखला त्यांनी पुढे दुसऱ्याच मुद्द्यासाठी वापरलाय, पण तगाद्याची झळ माहीत असलेल्या माणसाचंच हे बोलणं आहे. गृहस्थाची चार सुखं त्यांनी अनाथपिंडिक या सावकार उपासकाला सांगितली, त्यातलं एक आहे 'अनणसुख', म्हणजे कुणाचं देणं नसण्याचं सुख. कर्ज हाही पहिलाच बाण, पण तो ध्यानाने निघत नाही. तो हाताने काढावा लागतो.

कक्करपत्त गावचा, कोलिय कुळातला दीघजाणु नावाचा गृहस्थ बुद्धांकडे आला होता. म्हणाला, आम्ही बायकापोरांत राहणारी माणसं, चंदन लावतो, माळा घालतो, सोनंनाणं बाळगतो, आम्हाला कळेल असं काही सांगा. त्याला चार गोष्टी सांगितल्या: कामात कसब आणि कष्ट, मिळवलेल्याची राखण, चांगल्या माणसांची संगत, आणि समजीविता. समजीविता म्हणजे आवक-जावक तागडीत धरून जगणं. उधळ्या माणसाला तिथे उंबर खाणाऱ्याची उपमा आहे. तलावाला पाणी येण्याच्या चार वाटा आणि जाण्याच्या चार, हाही दाखला तिथलाच. जाण्याच्या वाटांत दारू आणि जुगार आहेतच, शिवाय वाईट संगतही आहे. सिगाल नावाच्या तरुणाला तर हिशेबच सांगितलाय: मिळकतीचे चार भाग करावेत, एक खर्चाला, दोन धंद्यात, चौथा बाजूला, आपत्तीसाठी.

तुम्ही म्हणाल, चौथा भाग ठेवायला आता काय उरलंय? खरं आहे. म्हणून आज करायचं ते असं. एका पानावर सगळी देणी लिहा: कुणाचं, किती, व्याज किती, तारीख कुठली. आजवर ती डोक्यात होती, म्हणून मध्यरात्री मोठी दिसत होती. सगळ्यात चढ्या व्याजाचं देणं वर घ्या. बँकेचा हप्ता ९० दिवसांहून जास्त थकला की खातं अनुत्पादक, म्हणजे थकीत (एनपीए), धरलं जातं, त्याआधीच व्यवस्थापकाला भेटून हप्ते लांबवून मिळतात का विचारा. नातेवाइकांचे पैसे असतील तर तोंड चुकवू नका, पाचशे-हजार का होईना देऊन या. आणि हे पान बायकोला दाखवा. तुमच्या लिहिण्यावरून तिला पूर्ण आकडा माहीत नाही असं दिसतं.

हे का म्हणते? नकुलपिता आणि नकुलमाता हे भग्ग देशातल्या सुंसुमारगिरीचं जोडपं. नकुलपिता एकदा फार आजारी पडला. बायको उशाशी बसून त्याला म्हणाली, मनात घोर घेऊन मरू नका, घोर घेऊन मरणं फार दुःखाचं. तुम्हाला वाटत असेल की तुमच्यामागे मला पोरंबाळं पोसता येणार नाहीत. पण मला सूत कातता येतं, लोकर पिंजता येते, मी घर चालवीन. तुम्हाला वाटत असेल की मी दुसरं घर करीन. नाही करणार. अशा सहा काळज्या तिने एकेक करून त्याच्यासमोर मांडल्या आणि एकेक करून उतरवल्या. नकुलपिता त्या आजारातून उठला. पुढे काठी टेकत बुद्धांच्या भेटीला गेला तेव्हा बुद्ध म्हणाले की अशी हितचिंतक बायको मिळाली, तू भाग्यवान आहेस.

मी चौदा वर्षं ज्या खाटांमधून फिरले, तिथे ही गोष्ट रोज घडायला हवी होती आणि क्वचित घडायची. नवरा-बायको दोघांनाही सगळं कळलेलं असायचं आणि दोघंही एकमेकांसमोर "होईल बरं" म्हणत बसायचे. एका बाईने मात्र नवऱ्याला शेवटच्या आठवड्यात बँकेचं पुस्तक आणून दाखवलं होतं, शेतीचं कसं करणार तेही एकेक वावर घेऊन सांगितलं होतं. त्या रात्री तो माणूस शांत झोपला. दुखण्याचं औषध आदल्या दिवशीइतकंच होतं.

आता वाट. नकुलपिता म्हातारपणी पुन्हा एकदा बुद्धांकडे आला, म्हणाला, शरीर थकलंय, सतत आजारी असतो, काही सांगा. त्याला एवढंच सांगितलं: "शरीर आजारी असलं तरी माझं चित्त आजारी होणार नाही, असा अभ्यास कर." यात वेदना नाकारलेली नाही. शरीर आजारी आहे हे तर पहिल्या अर्ध्या वाक्यातच मान्य केलंय.

अभ्यास म्हणजे रोजचा सराव, आणि तो साधा आहे. रात्री जाग आली की उठून भिंतीला टेकून बसा. मोबाइल दुसऱ्या खोलीत. दिवा नको. आधी श्वास, जसा चाललाय तसा, पाच मिनिटं. मग शरीरात बघा, दुःख नेमकं कुठे बसलंय. कुणाला छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटतं, कुणाच्या घशाशी दाटतं, कुणाच्या पोटात खड्डा पडतो. तिथेच लक्ष राहू द्या आणि मनात एवढंच म्हणा, "दुःखद वेदना आहे." 'मी दुर्दैवी' हे म्हणायचं नाही, 'मी चुकलो' हेही नाही. मग विचार येईलच: आधी नेलं असतं तर. आला की ओळखा, "हा दुसरा बाण," आणि परत छातीपाशी या. दहादा येईल, अकराव्यांदाही येईल. रडू आलं तर रडा, बसूनच रडा. सुरुवातीचे पंधरा-वीस दिवस काही साधलं असं वाटणार नाही. नंतर एखाद्या रात्री लक्षात येतं की दगड होता तिथेच आहे, पण त्याच्याभोवती थोडी जागा झालीय.

इगतपुरीच्या धम्मगिरीला दहा दिवसांच्या शिबिराला जाऊ का, असं तुम्ही विचारलंय. शिबिर चांगलंच आहे, मीही केलंय. पण आत्ता लगेच नको. दहा दिवस मौन, बाहेरचा संपर्क नाही, आणि तुमची झोप आधीच मोडलेली. तीन-चार महिन्यांनी, झोप सावरल्यावर जा. अर्जात मनाच्या आजाराविषयी विचारतात, तिथे काही लपवू नका. आणि "जगण्यात राम राहिला नाही" हे तुम्ही ओघात लिहून गेलात, पण मी ते ओघात वाचलेलं नाही. हा विचार वारंवार येत असेल तर डॉक्टरांकडे जा, रात्रीबेरात्री आला तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक लावा. मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. आजारी माणसाने औषध घ्यावं आणि दुखणं न लपवता, वाढलं की कमी झालं ते खरं सांगावं, ही चांगल्या रुग्णाची लक्षणं विनयपिटकातच, म्हणजे भिक्खूंच्या नियमांच्या ग्रंथातच, दिली आहेत. त्याच प्रकरणात बुद्ध आणि आनंद यांनी, हगवणीने घाणीत पडून राहिलेल्या एका भिक्खूला स्वतःच्या हातांनी अंघोळ घातल्याची हकीकत आहे. पाणी बुद्धांनी ओतलं, आनंदाने अंग धुतलं, मग एकाने डोक्याकडून आणि दुसऱ्याने पायांकडून उचलून त्याला खाटेवर ठेवलं. मी नर्सिंग शिकले ते इंग्रजीत. हे प्रकरण वाचलं त्या दिवशी मला माझं काम पहिल्यांदा माझ्या भाषेत भेटलं.

राहिला प्रश्न 'सगळं नश्वर आहे' म्हणणाऱ्यांचा. माझे पती गेले तेव्हा बाराव्याच्या आधीच एका ओळखीच्यांनी मला "सब्बे सङ्खारा अनिच्चा", म्हणजे घडलेलं सगळं अनित्य आहे, असा संदेश पाठवला. ती ओळ मला पाठ होती, मी ती दुसऱ्यांना शिकवली होती, आणि त्या दिवशी ती मला थोबाडीत मारल्यासारखी लागली. कितीतरी दिवस मी ध्यानाला बसू शकले नाही. तेव्हा मला किसा गोतमीची गोष्ट नव्याने कळली. थेरीगाथेत, म्हणजे भिक्खुणींच्या काव्यसंग्रहात, तिच्या गाथा आहेत, मोहरीची हकीकत नंतरच्या अट्ठकथेतली, म्हणजे टीकेतली. मेलेलं मूल काखेला घेऊन औषध मागत ती श्रावस्तीत हिंडत होती. बुद्धांनी तिला अनित्यतेचं प्रवचन दिलं नाही. ज्या घरात कुणी मेलेलं नाही, त्या घरातून मूठभर मोहरी आण, असं म्हणून दारोदार पाठवलं. प्रत्येक दारात कुणीतरी तिला आपलं गेलेलं माणूस सांगितलं असेल. ती उंबऱ्यात उभी राहून ऐकत गेली. संध्याकाळपर्यंत तिला जे कळलं, ते तिला कुणी ऐकवलेलं नव्हतं. म्हणून माझं सांगणं असं की अनित्यतेचं वाक्य स्वतःसाठी ठेवावं, दुसऱ्याच्या दुःखावर ते टाकू नये. येणाऱ्यांना तुम्ही सरळ विचारा, तुमचे वडील कधी गेले, तेव्हा तुम्ही काय केलंत? बहुतेक जण उपदेश थांबवून बोलू लागतील.

म्हातारपण येणार, आजार येणार, मरण येणार, प्रियजनांचा वियोग होणार, आणि आपलं कर्म तेवढं आपलं, या पाच गोष्टी बायका-पुरुषांनी, संसारी असोत की घर सोडून भिक्खू झालेले, वरचेवर आठवाव्यात असं अंगुत्तरनिकायात आहे. मी त्या रोज सकाळी आठवते. पण हे काम उन्हाळ्यात घर शाकारण्यासारखं आहे. तुमच्या घरात आत्ता पाणी गळतंय, आत्ता पातेली लावायची. वर्ष-दीड वर्षाने सुरू करा.

आता चपला. पाटलिपुत्रात मुंड नावाचा राजा होता. त्याची राणी भद्दा वारली. त्याने अंघोळ सोडली, जेवण सोडलं, राज्यकारभार सोडला, आणि राणीचं शरीर तेलाने भरलेल्या लोखंडी द्रोणीत ठेवायला लावलं, म्हणजे ते जास्त दिवस पाहता येईल. पियक नावाच्या त्याच्या खजिनदाराने राजाला न कळवता ते शरीर जाळून टाकलं नाही. हुकमाप्रमाणे तेलात ठेवलं, आणि मग राजाला कुक्कुटारामात नारद भिक्खूंकडे घेऊन गेला. नारदांनी त्याला सांगितलं की जे म्हातारं होणार ते म्हातारं होऊ नये, जे मरणार ते मरू नये, हे कुणालाच मिळत नाही, तुला एकट्याला नाकारलंय असं नाही. शोकाने अन्न गोड लागत नाही, शरीर सुकतं, कामं तटतात. मिळण्यासारखं नाही हे कळलं की सोसावं, आणि आता मी कोणतं काम नेटाने करू, हे पाहावं. राजाने विचारलं, या उपदेशाचं नाव काय? नारद म्हणाले, "शोकशल्यहरण." मग राजाने स्वतः सांगितलं की आता राणीचं दहन करा, तिच्यासाठी स्तूप बांधा. आणि त्या दिवसापासून तो जेवू लागला, कामाला लागला.

आईच्या चपलांच्या हट्टाकडे पियकासारखं पाहा. ती नसताना त्या उचलून ठेवू नका, आणि बायकोलाही ठेवू देऊ नका. संध्याकाळी दुकान बंद करून आलात की पंधरा मिनिटं आईजवळ बसा आणि विचारा, बाबांनी या चपला कुठून घेतल्या होत्या? बहुधा ती सांगेल, आणि तिथून पुढे बरंच काही सांगेल. तुम्ही ऐका. चपला कधी हलवायच्या ते ती तुम्हाला सांगेल, आणि तेव्हा तुम्ही दोघांनी मिळून त्या पुसून ठेवा.